लाल बटूंच्या अंगणातले ग्रह

मागच्या अंकात ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याबद्दल चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग लागला. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत, काही जरा छाटले आहेत. दोघांनी मला 'निराशावादी' ठरवलंय. त्यांच्याशी शेवटाकडे बोलते.

प्रश्न : दर दोन-चार महिन्यांनी 'दुसरी पृथ्वी सापडली' अशी बातमी येते. आत वाचावं तर तारा प्रत्येक वेळी कुठला तरी छोटा, थंड, लाल. सूर्यासारख्या ताऱ्यांभोवती अशा पृथ्वी नाहीतच का?

असतील, बहुधा भरपूर असतील. आपल्या हाती लागत नाहीत, एवढंच. कारण साध्या गणितात आहे, तेव्हा थोडे आकडे सहन करा.

ग्रह ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा उजेड किंचित कमी होतो. ६ जून २०१२ चं शुक्राचं अधिक्रमण ज्यांनी पाहिलं, त्यांना सूर्यबिंबावरून सरकणारा तो काळा ठिपका आठवत असेल. तेच दृश्य दुसऱ्या ताऱ्याजवळून पाहायचं, फक्त तिथून ठिपका दिसत नाही, उजेडातली घट तेवढी मोजता येते. पृथ्वी सूर्यासमोरून जाताना ही घट एक लाख भागांत जेमतेम आठ भाग. तीही वर्षातून एकदा, तेराएक तास. त्यात कक्षा आपल्या नजरेच्या रेषेत असायला हवी, आणि तो योग दोनशे पंधरात एक.

आता ट्रॅपिस्ट-१ घ्या. तुम्ही म्हणता त्या छोट्या, थंड, लाल ताऱ्यांपैकी, म्हणजे 'लाल बटूं'पैकी एक. कुंभ राशीत, सुमारे ४० प्रकाशवर्षांवर. वस्तुमान सूर्याच्या ९ टक्के, आकार गुरूपेक्षा थोडासाच मोठा, पृष्ठभाग २३०० अंश सेल्सियसच्या आसपास. पृथ्वीएवढा ग्रह याच्यासमोर आला की घट होते लाखात जवळजवळ सहाशे भाग, म्हणजे सत्तर पट. ताऱ्याचा उजेड सूर्याच्या अठराशेव्या भागाइतका, त्यामुळे पाणी ना उकळेल ना गोठेल असं अंतर, म्हणजे 'राहण्याजोगा पट्टा', ताऱ्याला अगदी चिकटून येतं. या पट्ट्यातला 'ई' हा ग्रह ६.१ दिवसांत फेरी मारतो. वर्षाला साठेक अधिक्रमणं! कक्षा आपल्या रेषेत येण्याची शक्यताही पन्नाशीत एकाइतकी वाढते.

दुसरी पद्धत ताऱ्याच्या डोलण्याची. ग्रहाच्या ओढीने तारा मागेपुढे होतो आणि त्याच्या वर्णपटातल्या रेषा सरकतात. पृथ्वीमुळे सूर्य डोलतो सेकंदाला ९ सेंटिमीटर. आपल्या सर्वांत जवळच्या प्रॉक्झिमा सेंटॉरी या लाल बटूला त्याचा 'बी' हा ग्रह हलवतो सेकंदाला सुमारे १.४ मीटर, म्हणजे माणसाच्या चालण्याच्या वेगाने. २०१६ मध्ये गिएम अंग्लादा-एस्कुदे यांच्या गटाने हा ग्रह जाहीर केला, तो याच पद्धतीने.

सूर्यासारख्या ताऱ्यांसाठी प्रयत्न झाला नाही असं मात्र नाही. २००९ मध्ये सोडलेली केपलर दुर्बीण मुख्यतः त्यासाठीच होती. पण ते तारे अपेक्षेपेक्षा जास्त चंचल निघाले, जास्त वर्षं पाहायची गरज पडली, आणि २०१३ मध्ये दुर्बिणीची दिशा स्थिर राखणाऱ्या चार चाकांपैकी दुसरंही बंद पडलं. गंमत अशी की राहण्याजोग्या पट्ट्यातला, आकाराने पृथ्वीइतका म्हणावा असा पहिला ग्रह केपलरनेच दिला, केपलर-१८६ एफ, २०१४ मध्ये. त्याचा तारा? लाल बटूच.

मला स्वतःला या प्रकरणात भावतो तो दुर्बिणींचा आकार. ट्रॅपिस्ट-१ चे ग्रह पहिल्यांदा टिपणारी चिलीतल्या ला सिया इथली दुर्बीण अवघी ६० सेंटिमीटरची. बेल्जियमच्या लिएज विद्यापीठातल्या मिकाएल जियों यांनी २०१६ मध्ये तीन ग्रह जाहीर केले. दोघांचा हिशेब नीट बसत होता, तिसऱ्याचा बसेना. मग त्याच वर्षी स्पिट्झर या अवकाश दुर्बिणीने जवळजवळ वीस दिवस डोळ्यात तेल घालून तो एकच तारा पाहिला, तेव्हा कळलं की 'तिसऱ्या'च्या नावावर मांडलेली अधिक्रमणं वेगवेगळ्या ग्रहांची होती. फेब्रुवारी २०१७ मध्ये एकूण आकडा सातवर गेला. सातही जणांच्या कक्षा आपल्या बुधाच्या कक्षेत आरामात मावतील. ते एकमेकांना इतके ओढतात की अधिक्रमणं काही मिनिटं लवकर-उशिरा होतात, आणि त्या मिनिटांवरून प्रत्येकाचं वस्तुमान काढता येतं. ग्रह स्वतः एकदाही 'दिसलेले' नाहीत, आणि त्यांची घनता आपल्याला माहीत आहे.

प्रश्न : लाल बटू जर आकाशगंगेतल्या ताऱ्यांपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त आहेत, तर मला ज्येष्ठा, रोहिणी आणि काक्षी सोडून लाल तारे का दिसत नाहीत?

तुम्ही नावं घेतलेले तिघेही लाल बटू नव्हेत. ते फुगलेले, अवाढव्य तारे आहेत. रंग साधारण जुळतो, बाकी काही जुळत नाही. खऱ्या लाल बटूंपैकी नुसत्या डोळ्यांनी सहज दिसावा असा एकही नाही. त्यातल्या त्यात तेजस्वी म्हणजे लाकाय ८७६०, तोही ६.७ प्रतीचा (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद). प्रॉक्झिमा सव्वाचार प्रकाशवर्षांवर असूनही ११ व्या प्रतीचा. आकाशात आपण पाहतो ते ताऱ्यांमधले दांडगे. बहुसंख्य समाज अंधारातच राहतो.

प्रश्न : ग्रह दिसतच नाही, तर तो ग्रहच आहे हे कशावरून? ताऱ्यावरचा डाग असला तर?

ज्यांनी हा प्रश्न पाठवलाय त्यांनी नेमक्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंय.

तूळ राशीत, वीस प्रकाशवर्षांवर ग्लीझ ५८१ नावाचा लाल बटू आहे. २०१० मध्ये स्टीव्हन व्होग्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्याभोवती 'जी' हा ग्रह जाहीर केला. राहण्याजोग्या पट्ट्याच्या बरोबर मध्ये, पृथ्वीच्या तिप्पट वस्तुमानाचा. जगभर गाजावाजा झाला. काही आठवड्यांतच जिनिव्हाच्या गटाने सांगितलं की आमच्या मोजमापांत हा ग्रह नाही. वाद चार वर्षं चालला. २०१४ मध्ये पॉल रॉबर्टसन यांच्या गटाने ताऱ्याचंच वागणं तपासलं. तारा स्वतःभोवती सुमारे १३० दिवसांत फिरतो, आणि त्याच्या 'डी' या आधीच्या ग्रहाचा काळ मानला होता ६६ दिवस, म्हणजे जवळपास निम्मा. ताऱ्यावरचे चुंबकीय पट्टे फिरत समोर येत-जात होते आणि वर्णपटातल्या रेषा हलवत होते. ताऱ्याचा हा भाग वजा केला तसा 'डी' विरघळला, आणि 'जी'लाही आधार उरला नाही. जगातल्या वर्तमानपत्रांनी ज्याची चित्रं छापली तो ग्रह कधी नव्हताच.

अधिक्रमणाच्या पद्धतीत ही भीती बरीच कमी. डाग ताऱ्याबरोबर सावकाश सरकतो, त्याची घट पसरट असते. ग्रहाची घट तासाभरात तीव्र उतरते, सपाट राहते आणि तशीच वर येते, ठरल्या वेळेला, पुन्हापुन्हा. त्यामुळे ट्रॅपिस्ट-१ च्या सात ग्रहांबद्दल आज कुणाला शंका नाही.

डाग पुन्हा डोकं वर काढतात ते हवा तपासताना. ग्रहाच्या कडेच्या हवेतून गाळून आलेल्या ताऱ्याच्या प्रकाशात कोणते रंग गायब आहेत, हे बघायचं असतं. पण हे तारे इतके थंड की त्यांच्या डागांत पाण्याची वाफ टिकून राहते! २०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने जीजे ४८६ बी या तापलेल्या खडकाळ ग्रहाकडे पाहिलं, तेव्हा पाण्याची खूण मिळाली. ती ग्रहाच्या हवेतली की ताऱ्याच्या डागांमधली, हे त्या निरीक्षणातून ठरवता आलं नाही, आणि संशोधकांनी निबंधातच तसं प्रामाणिकपणे लिहिलं. मला अशी माणसं आवडतात. के२-१८ बी या ग्रहाच्या बाबतीत उलट झालं. तिथे मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड आहे, ते ठीक. पण एप्रिल २०२५ मध्ये त्याच्या हवेत जीवसृष्टीशी जोडला जाणारा डायमिथाइल सल्फाइड असल्याचे संकेत मिळाल्याचं जाहीर झालं. इतरांनी तेच आकडे पुन्हा तपासले, तेव्हा त्यांना ते संकेत पटले नाहीत. बातमीचा मथळा मात्र तोवर घरोघरी पोचला होता.

प्रश्न : या ग्रहांची एक बाजू कायम उजेडात आणि दुसरी कायम अंधारात असते म्हणे. मग एकीकडे भट्टी, दुसरीकडे बर्फ. तिथे जगणार कोण?

इतक्या जवळच्या ग्रहाला ताऱ्याची ओढ जखडून टाकते, जसं आपल्या चंद्राला पृथ्वीने जखडलं. म्हणून तसं मानणं योग्यच. पण छातीठोक सांगण्याआधी बुध आठवावा. तोही सूर्याला एकच बाजू दाखवतो असं कित्येक दशकं पाठ्यपुस्तकांत होतं. १९६५ मध्ये अरेसिबोच्या रडारने मोजलं तर तो ५९ दिवसांत स्वतःभोवती फिरत होता. सूर्याच्या दोन फेऱ्यांत स्वतःभोवती तीन गिरक्या!

समजा, ग्रह जखडलेला आहे. मग पूर्वी भीती होती ती हवेची. अंधाऱ्या बाजूला ती गोठून खाली बसेल आणि हळूहळू सगळी तिकडेच जमा होईल. १९९७ मध्ये मनोज जोशी आणि सहकाऱ्यांनी संगणकावर गणित मांडलं. त्यांच्या हिशेबाने पृथ्वीच्या हवेच्या दहाव्या भागाइतका दाब, तोही कार्बन डायऑक्साइडचा, असला तरी वारे पुरेशी उष्णता पलीकडे वाहून नेतात आणि हवा गोठत नाही. पुढे २०१३ मध्ये जुन यांग यांच्या गटाने दाखवलं की असा ग्रह ओला असेल तर तारा जिथे कायम डोक्यावर तळपतो तिथेच दाट ढग जमतात आणि उजेड परतवून लावतात. म्हणजे ग्रह आपली छत्री आपणच उघडतो. भट्टी आणि बर्फाचं चित्र त्यामुळे बरंच सौम्य होतं. अट एकच, हवा असायला हवी.

तिथून आकाश कसं दिसेल, असंही दोघींनी विचारलंय. ट्रॅपिस्ट-१ ई वर उभं राहिलं तर तारा आपल्या सूर्याच्या चौपट रुंद दिसेल आणि जागचा हलणार नाही. रंग लालसर. त्याचा बहुतेक प्रकाश अवरक्त, त्यामुळे उजेडापेक्षा ऊब जास्त. आणि शेजारचा 'एफ' जवळ आला की आपल्या पौर्णिमेच्या चंद्राएवढा, त्यावरचे भूभाग वेगळे ओळखता येतील इतका.

प्रश्न : माझी बारा वर्षांची मुलगी विचारते, आपण तिथे जाऊ शकतो का?

तिला सांगा, व्हॉयेजर-१ सेकंदाला १७ किलोमीटर वेगाने चाललंय. त्या वेगाने प्रॉक्झिमाएवढं अंतर कापायला सुमारे ७५ हजार वर्षं लागतील, ट्रॅपिस्ट-१ एवढं कापायला सात लाखांच्या वर. मग 'जायचं कशाला, इथूनच बघू' असं ती म्हणाली, तर तिला पुढचं उत्तर वाचायला द्या.

प्रश्न : तुम्ही प्रत्येक शोधावर पाणी ओतता. 'राहण्याजोगा' असं शास्त्रज्ञच म्हणतात ना? मग तुम्हाला खुपतं काय?

शोध मला खुपत नाहीत. मथळे खुपतात.

राहण्याजोगा पट्टा हा अंतराचा हिशेब आहे. तारा किती उजेड देतो आणि ग्रह किती लांब, एवढंच त्यात येतं. बाहेरून कुणी आपल्या सूर्यमालेचा असा हिशेब मांडला तर मंगळ पट्ट्याच्या आत बसू शकतो आणि शुक्र आतल्या कडेशी. एकीकडे विरळ हवेचं गोठलेलं वाळवंट, दुसरीकडे शिसं वितळेल असा उकाडा. पट्टा म्हणजे कुठे शोधायचं याचा पत्ता. घरात कोण आहे, मुळात घर बांधलंय का, हे त्यावरून कळत नाही.

आणि लाल बटूंच्या बाबतीत घराचीच काळजी जास्त. ज्या जवळिकीमुळे हे ग्रह आपल्याला सापडतात, तीच त्यांच्या मुळावर उठते. सूर्याला जन्मानंतर स्थिरावायला पाच कोटी वर्षांच्या आसपास लागली. ट्रॅपिस्ट-१ सारख्याला शंभर कोटींच्या घरात लागतात, आणि तोवर तो आजच्यापेक्षा कितीतरी जास्त तळपत असतो. आज जो ग्रह बरोबर अंतरावर आहे, तो त्या काळात भाजून निघालेला असणार. समुद्र असलेच तर वाफ होऊन, अतिनील किरणांनी फुटून, त्यातला हायड्रोजन अवकाशात निघून गेलेला असू शकतो.

पुढे तारा शांत झाला तरी पूर्ण शांत होत नाही. मार्च २०१६ मध्ये प्रॉक्झिमावर एक ज्वाला भडकली आणि काही क्षण तो नेहमीच्या जवळजवळ ६८ पट तेजस्वी झाला. एरवी दुर्बिणीशिवाय न दिसणारा हा तारा त्या क्षणी गडद अंधाऱ्या जागेवरून नुसत्या डोळ्यांनी दिसला असता. त्याचा 'बी' ग्रह त्याच्यापासून पृथ्वी-सूर्य अंतराच्या विसाव्या भागाइतक्या जवळ आहे. त्याने काय सोसलं असेल, याचा अंदाज करा.

म्हणून आता खरा प्रश्न एकच उरलाय: या ग्रहांनी हवा राखली का? वेबने तो फार सुंदर पद्धतीने विचारला. ग्रह ताऱ्यामागे लपतो तेव्हा एकूण अवरक्त प्रकाश जेवढा घटतो, तेवढा ग्रहाचा स्वतःचा. त्यावरून उजेडातल्या बाजूचं तापमान मिळतं. हवा असली तर उष्णता मागच्या बाजूला वाटली जाते आणि पुढची बाजू तुलनेने थंड निघते. २०२३ मध्ये ट्रॅपिस्ट-१ बी चं उत्तर आलं, सुमारे २३० अंश सेल्सियस. उघड्या, काळपट खडकाचं जेवढं असावं तेवढंच. पाठोपाठ 'सी', सुमारे १०७ अंश. शुक्रासारखी दाट हवा तिथेही नाही. हे दोघे पट्ट्याच्याही अलीकडचे, ताऱ्याला जास्त जवळ, जास्त तापणारे, त्यांच्याकडून फार अपेक्षा नव्हती. आशा आहे ती 'ई' वर. त्याची पहिली चार अधिक्रमणं वेबने तपासली, त्याचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. ताऱ्याच्या डागांचा गोंधळ इतका की हवा आहे असंही म्हणता येत नाही, नाही असंही नाही. आता दुसऱ्या ग्रहाची मदत घेतली जातेय. 'बी' उघडा खडक आहे असं धरलं, तर त्याच्या अधिक्रमणात जे काही दिसेल ते ताऱ्याचं. दोघांची अधिक्रमणं लागोपाठ पाहायची आणि ताऱ्याचा भाग वजा करायचा. वेबचे ५०० तास तर लाल बटूंभोवतीच्या खडकाळ ग्रहांना हवा आहे का, एवढ्याचसाठी वेगळे राखून ठेवले आहेत.

आता मला सांगा, 'दुसरी पृथ्वी सापडली' या ओळीत यातलं काय उरतं? उघड्या खडकाची बातमी मला निराश करत नाही. चाळीस प्रकाशवर्षांवरच्या, कुणीही न पाहिलेल्या गोट्याचं तापमान माणसाने मोजलं, यापेक्षा मोठी बातमी कुठली? आणि समजा, सगळे लाल बटू आपल्या ग्रहांची हवा उडवून लावतात असं ठरलं, तर आकाशगंगेतले बहुसंख्य पत्ते एका फटक्यात बाद होतील. तेही कळायलाच हवं. उलट एखाद्याने जरी हवा राखलेली सापडली, तर हे तारे लाखो कोटी वर्षं जळत राहणारे आहेत. तिथल्या जीवसृष्टीला घाई करायचं कारण उरणार नाही.

प्रश्न : माझ्याकडे आठ इंची दुर्बीण आणि कॅमेरा आहे. ट्रॅपिस्ट-१ चं अधिक्रमण मला टिपता येईल का?

नाही. दृश्य प्रकाशात तो १९ व्या प्रतीजवळ आहे. सुरुवात एचडी १८९७३३ पासून करा. जंबूक तारकासमूहात, डंबेल तेजोमेघाच्या अगदी शेजारी, ७.७ प्रतीचा. हा लाल बटू नाही, सूर्यापेक्षा जरा लहान, नारिंगी तारा आहे आणि ग्रह गुरूएवढा. पण घट २.४ टक्के, दर २.२ दिवसांनी, पावणेदोन तासांच्या आसपास. माझ्याही आठ इंचीतून ती घट सरळ आलेखात उतरते.

फोकस मुद्दाम किंचित बिघडवा, म्हणजे प्रकाश बऱ्याच पिक्सेलवर पसरेल आणि कुठलाही पिक्सेल भरून जाणार नाही. त्याच चौकटीतले दोन-तीन शेजारी तारे तुलनेसाठी धरा, त्यातला एखादा स्वतःच बदलणारा नाही ना हे पाहून. अधिक्रमणाच्या तासभर आधी सुरुवात करा आणि संपल्यावरही तासभर थांबा. बहुतेक जण इथेच कंटाळतात, आणि मग घट कशाच्या तुलनेत मोजायची हे कळत नाही. तारा क्षितिजाकडे झुकला की आलेख तिरका होतो, त्याने घाबरू नका, तो तिरकसपणा नंतर काढता येतो. हे जमलं की मोठी दुर्बीण असलेल्या मित्राला गाठा आणि भुजंगधारीतल्या जीजे १२१४ कडे वळा. तो खरा लाल बटू, १४.७ प्रतीचा, घट दीड टक्क्याच्या आत, पाऊण-एक तासाची. २००९ मध्ये त्याचा ग्रह ज्या दुर्बिणींनी शोधला त्या ४० सेंटिमीटरच्या होत्या, हौशी लोक वापरतात तशाच.

आलेख पाठवाल तेव्हा गुळगुळीत रेघ ओढून पाठवू नका. कच्चे ठिपके तसेच असू द्या, आणि वेळ सेकंदापर्यंत लिहा. चांगले आलेख पुढच्या अंकात छापायला संपादकांनी अर्धं पान दिलं आहे.